यंत्रामागं मिरजेपर्यंत

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं म्हणाल, तर कराडला विष्णूच्या वर्कशॉपात एक यंत्र ठेवून आलो आणि येताना वडापच्या जीपमध्ये मल्हारपेठेपर्यंत भांडत आलो. भांडण रोजचंच. त्यात दोघंही मुरलेले होतो.

यंत्र म्हणजे उसाचे डोळे काढायचं. ज्यांनी ऊस नुसता खाल्लाय त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, तिथून कोंब फुटतो. पूर्वी आम्ही अख्खी कांडी सरीत पुरायचो. आता डोळा तेवढा खापेसकट काढायचा, औषधात बुडवायचा, ट्रेमध्ये लावायचा आणि रोप तयार झालं की रानात न्यायचं. डोळा काढायला फळीवर बसवलेलं एक यंत्र असतं. दांडा दाबला की अर्धगोल पातं खाली येतं आणि डोळा बाजूला पडतो. शेवंता, म्हणजे माझी बायको, पाटणच्या खालच्या अंगाला आमच्या रानात उसाची रोपवाटिका चालवायची. मी ऊस पुढं सरकवायचो, ती दांडा दाबायची.

ती डावरी. दुकानात मिळणाऱ्या यंत्राचा दांडा उजव्या अंगाला. तिचा खांदा भरून यायचा. मग तिनंच विष्णूकडून दांडा कापून घेतला, मधोमध बसवला, वरच्या अंगाला जरा वाकवला आणि मुठीला आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळला. झालं एवढंच. पण आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायका, सगळ्या उजव्या हाताच्या, तेच यंत्र मागायला लागल्या. एक हात दमला की दुसऱ्या हातानं दाबता येतं. एका डावरीची अडचण सगळ्यांची सोय झाली.

विष्णूनं हे बघितलं आणि म्हणाला, काकू, नमुना म्हणून ठेवा माझ्याकडं, अशी आणखी करून बघतो. तिनं लगेच दिलं. म्हणून आमचं जीपमधलं भांडण. माझं म्हणणं, दुसऱ्याच्या हातात गेलं की आपलं राहत नाही. ती म्हणाली, "आवं, बियाणं दिलं म्हणून कुणाचं शेत उघडं पडलंय व्हय?" आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. घरी आल्यावर पिठलं केलं. तिखट झालं होतं, मी तसं म्हणालो, ती म्हणाली उद्यापासून तुमी करा.

दसऱ्याच्या तोंडावर ती गेली. सकाळी पाणी तापवायला उठली आणि चुलीपाशी बसली ती बसलीच. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही.

त्यानंतर मी कुठं गेलो नाही. संक्रांत झाली आणि कमळ, आमच्या भावकीतली सून, शेवंताबरोबर कामाला बसायची ती, दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, भाऊ, लोक रोपं मागायला लागल्यात, काकूंचं यंत्र आणा, आमी बसतो. मी म्हणालो दुसरं आहे की शेडात. ती म्हणाली, त्येनं खांदा जातोय, काकूंचंच आणा.

मला निमित्त पाहिजे होतं की काय कोण जाणे. दुसऱ्या दिवशी धोतर बदललं आणि निघालो.

कराड

विष्णूचं वर्कशॉप बाजाराच्या मागच्या बोळात आहे. पुढं रस्त्यावर नांगराचे फाळ आणि ट्रॉलीची चाकं पडलेली, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. भिंतीला आडव्या तारेवर नमुने टांगलेले असतात. कुणाच्या पंपाचा तुकडा, कुणाच्या मळणीयंत्राची पट्टी, कुणी तरी सुधारून आणलेला कोयता. आमच्या रानात बांध वीतभर सरकला तरी दोन पिढ्या कोर्टात जातात. इथं एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेलं असतं आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. ह्याचं मला तवाही नवल वाटलं होतं.

तारेवर आमचं यंत्र नव्हतं.

विष्णूनं मला बघितलं आणि हातातली पकड खाली ठेवली. शेवंता गेल्यावर तो येऊन गेला होता, म्हणून त्यावर बोलणं नव्हतं. चहा सांगितला. मी यंत्र मागितलं. तो लांबण लावायला लागला. वेल्डिंग केलेला दांडा एक हंगाम टिकतो, मग तडकतो. म्हणून अख्खा दांडा ओतीव करावा असं त्याच्या मनात आलं. ओतीव काम त्याच्याकडं होत नाही, कुपवाडला अण्णाची फौंड्री आहे, तिथं नमुना पाठवला. मधल्या काळात त्यानं स्वतः एक बोल्ट घातला होता, जाड ऊस आला की पातं वर करायचा. ती कल्पना त्याची नाही, कुण्या वाळव्याच्या शेतकऱ्याची. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं येऊन फोटो काढून गेली, डिझाइन कुणाचं विचारत होती. ह्यानं सांगितलं, पाटणच्या काकूंचं.

मी म्हणालो, "विष्णू, मला गोष्ट नको सांगूस. यंत्र कुठं हाय?"

त्यानं फोन लावला. पलीकडून कुणी तरी काय बोललं ते मला ऐकू आलं नाही, पण विष्णूचं तोंड उतरलेलं दिसलं. फौंड्रीतल्या आवारात पडलेलं जुनं लोखंड मागच्या महिन्यात सगळं भट्टीत घातलं होतं. त्यात नमुना गेला का राहिला, तिथल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे वितळलं. मी चहाचा कप तसाच ठेवला. विष्णू म्हणाला, "काका, थांबा. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांच्या मधी काकूंचं यंत्र ठिवलं हुतं. हळदकुंकू लावलं हुतं. तसंच धाडलं. असं जायचं न्हाई ते."

मी म्हणालो भट्टीला हळद कळती का. आणि स्टँडवर गेलो.

कुपवाड

कराडहून इस्लामपूर, आष्टा करत सांगली. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं भडंगाची पुडी पुढं केली. मी नको म्हणालो. तिनं माझ्या मांडीवर कागद पसरून मूठभर ओतलं. तिकडं नको म्हटलेलं ऐकू येत नाही माणसांना. लसणाचा खमंग वास आला आणि मी खाल्लं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस तुटत होता, बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. आमच्याकडं डोंगर असतो नजर अडवायला. तिथं काही अडतच नाही, नुसतं सपाट.

सांगलीत मी चुकीच्या बसमध्ये बसलो. कुपवाड म्हणालो तर कंडक्टरनं कुपवाड गावात उतरवलं, फौंड्र्या औद्योगिक वसाहतीत. ऊन डोक्यावर, चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन फिरलो. सगळे रस्ते सारखे, सगळ्या भिंती सारख्या, सगळीकडून एकच घरघर.

शेवटी एका चहाच्या गाड्यावर थांबलो. गाडेवाल्याला म्हणालो, अण्णाची फौंड्री. तो म्हणाला, कुठले अण्णा, इथं सगळे अण्णाच आहेत, काम काय ते सांगा. मी यंत्र सांगितलं. गाडेवाल्याच्या आधी बाकड्यावरचे तिघं बोलायला लागले. एक म्हणाला, ते दोन्ही हातांचं? त्याची स्प्रिंग आमच्याकडं होती. दुसरा म्हणाला, तुझी स्प्रिंग कडक, बायकांनी शिव्या दिल्या, मग आमच्याकडनं नेली. पहिल्यानं बशीतला चहा बाकड्यावर सांडून बोटानं वेटोळी काढून दाखवली, अशी नव्हती रं, अशी होती. दोघं धंद्यात एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि एकाच बाकड्यावर, एकाच चहाच्या डागावर वाद घालत होते. मी त्यांना सांगितलं नाही की ते यंत्र कुणाचं. तिसऱ्यानं मला मोटारसायकलवर फौंड्रीच्या दारात सोडलं. चपलेला वायर बांधून दिली ती पण त्यानंच.

अण्णा पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, शर्टावर काळी वाळू. जैन. माझं ऐकून घेतलं आणि उगाच धीर दिला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, नमुना लाकडी पॅटर्न करायला मिरजेला गेला होता. आधी लाकडाचा हुबेहूब दांडा कोरतात, तो वाळूत दाबतात, त्या खळग्यात लोखंडाचा रस ओततात. पॅटर्न झाल्यावर नमुना परत आला हे त्याला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं. आवारात लोखंडाचा ढीग होता तो भट्टीत गेला. ढीग निवडायचं काम रत्नव्वाकडं, आणि ती आज माहेरी, सलगऱ्याला. फोन तिच्याकडं नाही. सकाळी येईल.

"ऱ्हावा आज. सकाळी तिला समोर उभी करतो," अण्णा म्हणाला. "असंल तर मिळंल. नसंल तर मी तोंडावर सांगीन, न्हाई म्हणून."

त्यानं मला भट्टी दाखवली. नको म्हणालो होतो तरी बघितली. लाल रस बादलीत घेऊन माणसं पळत होती, वाळूच्या पेट्यांत ओतत होती. त्यात कुठलं लोखंड कुणाचं, काही ओळखू येत नाही. मी लवकर बाहेर आलो.

बाहेर तयार दांडे रचून ठेवले होते. मधोमध बसणारे, वरच्या अंगाला वाकलेले. तिनं विष्णूसमोर हातानं दाखवला होता तोच वाक. कर्नाटकाकडं जाणारा माल म्हणाला अण्णा. खालची बैठक जड केलेली, म्हणजे यंत्र हलत नाही. मी विचारलं हे तुझं डोकं का. तो म्हणाला, "माझं कुठलं. शिरोळकडच्या बायका दगड ठेवून दाबत होत्या. दगडाएवढं वजन खालीच दिलं." मी मनात म्हणालो, दिवसभर फिरतोय, एक माणूस माझं म्हणायला तयार नाही.

त्याच्या घरी सांगलीत गेलो. दिवस अजून वर होता आणि त्याच्या आईनं ताट वाढलं. त्यांच्यात मावळायच्या आत जेवतात. आमच्याकडं बातम्या झाल्याशिवाय चूल पेटत नाही. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण काही नाही, आणि मी तरी विचारलं, कशानं एवढी चव. म्हातारी माझ्याच वयाची, तीही एकटी. मी म्हणालो, इतक्या लवकर जात नाही मला. तिनं भाकरी टाकली ताटात. "माणूस गेलं म्हणून दिवस थांबतोय व्हय? बुडायच्या आत जेवा."

तीन भाकरी खाल्ल्या. शेवंता गेल्यापासून पोटभर जेवलो तो त्या दिवशी. यंत्र मिळायचं होतं का नव्हतं ते ठाऊक नव्हतं, तरी झोप लागली.

सकाळी फौंड्रीच्या दारातच रत्नव्वा. उंच, काळी, डोक्यावर वाळूची पाटी. अण्णानं विचारलं, हळदकुंकू लावलेलं एक यंत्र होतं ढिगात, काय केलंस? तिनं पाटी खाली ठेवली. पहिल्यांदा मालकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हळदीचं हत्यार भट्टीत घालाय माझं डोकं फिरलंय काय, अण्णा?"

मी भिंतीला टेकलो.

ती म्हणाली, ढिगात हळद दिसली, उचलून बाजूला ठेवलं. पुजलेलं हत्यार, ज्याचं त्याला जावं. पॅटर्नवाला उस्मानभाई ते घेऊन आलेला तिनं बघितला होता, म्हणजे त्याच्याच पूजेतलं असणार. मिरजेचा टेंपो आला तेव्हा ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, खाली ठेवायचं नाही.

अण्णा कपाळावर हात मारून हसायला लागला. "अगं, उस्मानभाई हळद लावंल व्हय?"

"मला काय म्हाइत? दसऱ्याला समदेच लावतात," ती म्हणाली. आणि मला, "अज्जा, खाली बसा. पाणी आणू?" तिकडं म्हाताऱ्याला अज्जा म्हणतात. पाणी आणलं. मी दोन तांबे प्यालो.

मिरज

मिरजेत उतरल्यावर माणसं विचारतात, कुठला दवाखाना? मी अण्णानं सांगितलेला पत्ता सांगितला, सतारवाल्यांची गल्ली. रिक्षावाला म्हणाला, गाणं शिकताय का आजोबा. मी म्हणालो, आता कुठं सुरुवात करतोय. शेवंता असती तर म्हणाली असती, ह्यांना आरती म्हणता येत न्हाई.

उस्मानभाईच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले. सतारीच्या खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो हे मला म्हातारपणी कळलं. कडू भोपळे, पंढरपूरच्या बाजूनं येतात, वाळवून कापतात. दुकानाच्या अर्ध्या भागात तंबोरे, अर्ध्या भागात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न. पंपाचं चाक कोरलेलं, शेजारी वीणेचा मोर कोरलेला, दोन्हीला एकच पटाशी. तो सांगत होता, त्यांचे वाडवडील हत्यारांना धार लावायचे. हत्यारांचे दिवस गेले तशी सतारी जुळवायला लागले. सतारी कमी खपायला लागल्या तसा एक हात पॅटर्नकडं वळवला. मी म्हणालो, म्हणजे तुम्ही पण दोन्ही हातांचेच. तो हसला.

यंत्र मी मागायच्या आत त्यानं आणलं. तंबोऱ्याच्या फळ्यांवर, उंच जागी ठेवलं होतं. पात्यावर हळद वाळून पिवळी झालेली, कुंकवाचा नुसता डाग. दांडा तोच. वेल्डिंगचा गोळा तोच, विष्णूनं घाईत केलेला, ती त्यावरून त्याला बोललेली.

"मी कशाला हळद लावू," उस्मानभाई म्हणाला. "पण कुणी मनानं लावून पाठवलंय म्हटल्यावर पुसायची कशी? तशीच ठेवली."

मुठीवरचा हिरवा काठ नव्हता. माझं लक्ष गेलं ते त्याला कळलं. त्यानं खुंट्यांच्या डब्यातून घडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, माप घ्यायला कापड सोडावं लागलं. सोडल्यावर कळलं की बाईनं सगळीकडं सारखं गुंडाळलेलं नव्हतं. तळहात पडतो तिथं जाड, बोटं वळतात तिथं पातळ. मग त्यानं लोखंडावर बसवायला लाकडाची मूठ केली, त्याच चढउताराची, सतारीच्या दांडीला देतात तसा हात फिरवून. आता अण्णाचे दांडे जातात त्यावर ही मूठ बसते. त्यानं एक हातात दिली. गुळगुळीत, सतारीला लागतं त्या तुनाच्या लाकडाची. माझी बोटं त्यात बसेनात. मूठ बायकांच्या हाताची होती.

मग तो म्हणाला, आडसालीचा, दीड वर्ष रानात उभा राहणारा जाड ऊस असतो त्यासाठी मोठं पातं करायचंय, कर्नाटकाकडनं मागणी आहे, पॅटर्न पुन्हा ह्याच्यावरूनच काढणार होतो. पण तुमचं आहे. तुम्ही आलात एवढ्या लांब. न्या.

मी यंत्र मांडीवर घेऊन बसलो. बाहेर कुणी तरी तार जुळवत होतं, एकच सूर परत परत. ते घेऊन जायचं म्हणूनच मी आलो होतो. भट्टी बघितल्यापासून ते रसात लाल झालेलं दिसत होतं मला. आता हातात होतं आणि गंमत अशी की घाई संपली होती. जड होतं. एवढं जड यंत्र ती रोज उचलून शेडात नेऊन ठेवायची.

"हितंच ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "पण भट्टीपासून लांब ठेवा. आणि त्या रत्नव्वाला सांगा, हळद तिनं लावावी आता दसऱ्याला."

उस्मानभाईनं एक नवीन यंत्र बांधून दिलं. अण्णाचा दांडा, विष्णूचा बोल्ट, बाकड्यावरच्या त्या दोघांपैकी कुणाची तरी स्प्रिंग, आणि ही मूठ. दुपारच्या गाडीनं कराडला आलो. विष्णूला सांगितलं, वितळलं नाही. तो वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून उगाच एक पट्टी तापवत बसला. वडापमध्ये यंत्र मांडीवर घेतलं. मल्हारपेठेपर्यंत कुणाशी भांडायचं नव्हतं, मी झोपलो.

सकाळी उठून आधी तो काठ धुतला. उसाच्या रसानं कडक झाला होता, ठेवला असता तर मुंग्या लागल्या असत्या. साबण लावला, पिळला, शेडाच्या तारेवर वाळत घातला. हिरवा रंग अजून चांगला आहे.

कमळ आली तोवर मी यंत्र फळीवर बसवलं होतं. म्हटलं आज आपणच दाबू. पहिले दोन डोळे मधोमध कापले, तिसरा उडून शेडातल्या चहाच्या चुलीत. कमळ पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "भाऊ, समदा ऊस आंधळा करशीला. उठा."

उठलो. ती बसली. एकदा उजव्या हातानं दाबलं, एकदा डाव्या हातानं, मान हलवली.

मी समोर माझ्या जागेवर बसलो आणि ऊस पुढं सरकवला.